नानांची निनावी निबंध स्पर्धा

लालबागच्या आमच्या चाळीतल्या वाचनालयाची जुनी मंडळी भेटली, की कोणीतरी निबंध स्पर्धेचा विषय काढतोच. मग एका किश्शाला दुसरा चिकटतो. संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. आज हसतो, पण तेव्हा तोंडचं पाणी पळालं होतं!

सर्वांत घाबरट आमचे चिटणीस नाना. लग्नाचीसुद्धा भीती वाटली म्हणून एकटे राहिले, असं आम्ही चिडवायचो. त्या वर्षीचा विषय ठरला, 'सरकार आणि नागरिकांचे स्वातंत्र्य'. नाना पांढरेफटक पडले.

"स्वातंत्र्य काढा रे, आरोग्य घाला! आरोग्यावरून कोणी आत टाकत नाही."

आम्ही ऐकलं नाही. मग त्यांनी नियमच केला. स्पर्धकाचं नाव कुठेही घ्यायचं नाही, फक्त नंबर!

*

एका सकाळी आलेले निबंध नाना घरी चाळत बसले होते. दारात खाकी कपडे दिसले. नानांनी अख्खा गठ्ठा पिठाच्या डब्यात कोंबला!

आले होते तळमजल्यावरचे पोलीस शिपाई सावंत. "नाना, आमची शांती लिवता निबंध. शेवटची तारीख कधी असा?"

नानांच्या तोंडून कसाबसा एकच शब्द फुटला. "आरोग्य!"

*

परीक्षक मास्तरांनी पीठ झटकत झटकत निबंध तपासले. निकालावर सही करायची वेळ आली, तसे चप्पल घालून उठले.

"मार्क माझे, सही तुमची!"

*

पहिला नंबर शांतीचा आला. आमच्या गल्लीत गोळीबार झाला होता, त्यावर तिने लिहिलं होतं, 'आपल्याच माणसांवर गोळी झाडणारं सरकार त्या माणसांना घाबरलेलं असतं.' पोलिसाच्या मुलीने हे लिहिलंय असं वरिष्ठांना कळलं असतं, तर सावंतांची नोकरी गेलीच असती. आम्हीही हादरलो.

नानांनी तिला हात जोडले. "पोरी, तेवढं वाक्य गाळ."

"मग उरतं काय, नाना?"

*

बक्षीस समारंभात विजेत्याने आपला निबंध स्वतः वाचायचा, ही आमची पद्धत. पहिल्या रांगेत लक्ष ठेवायला इन्स्पेक्टर येऊन बसले. दारात बंदोबस्ताला नेमके सावंत!

नानांनी नंबर पुकारला. शांतीने सगळं वाचलं. ते वाक्यही.

इन्स्पेक्टर उभे राहिले. "कोणाची मुलगी ही?"

सगळी चाळ तिथे बसली होती. एकानेही दाराकडे बोट दाखवलं नाही. दारातले सावंत एक पाऊल पुढे आले.

तेवढ्यात नाना उठले.

"माझी आहे, साहेब!"