चित्रातलं कपाट

काकूंचं बोट स्क्रीनसमोर अधांतरी थांबलं होतं आणि मी मागच्या खुर्चीत श्वास रोखून बसलो होतो. जुन्या मासिकांचं आमचं डिजिटल ग्रंथालय वाचकांना वापरता येतं का, ते बघायला या काकूंना बोलावलं होतं. बघणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा नियम मीच केलेला.

काकूंना लग्नाआधी छापून आलेली स्वतःची कविता हवी होती. "सुनेला वाटतं, मी थापा मारते," त्या म्हणाल्या होत्या.

पहिल्याच पानावर मी हौसेने पुस्तकांच्या कपाटाचं चित्र काढलं होतं, निव्वळ शोभेचं. काकूंनी त्यातल्या एका पुस्तकाच्या माथ्यावर बोट टेकवून ते अलगद पुढे ओढून पाहिलं. पुन्हा ओढलं. "आज बंद आहे का हो?" मी ओठ चावला. शोधायची जागा मीच कोपऱ्यातल्या तीन बारीक रेघांच्या बटणामागे दडवली होती.

खऱ्या ग्रंथालयातून कुणी रिकाम्या हाताने निघालं, तर निदान खुर्ची तरी वाजते. इथून किती जण स्वतःलाच बोल लावत गुपचूप उठून गेले असतील?

"मलाच जमत नाही," म्हणत काकूंनी पर्स उचलली. मी नियम मोडला. धावत जाऊन रेघा दाबल्या, त्यांचं माहेरचं नाव टाकलं. कविता उघडली. काकूंनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि विचारलं, "या रेघा कुणाला सुचल्या?"

"आहे एक शहाणा."

"त्याला सांगा, कपाट मात्र छान काढलंय."