तिला सांगू नका, तिला बीपी आहे

परवा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा तेच वाक्य आलं... 'काकूंना इतक्यात सांगू नका, त्यांना बीपी आहे.' खाली बारा जणांचे हात जोडलेले. म्हणून हे लिहिते आहे.

सुनंदा ही माझी भावजय, डोंबिवलीत राहते. गेल्या श्रावणात राखीपौर्णिमेच्या चार दिवस आधी तिचा थोरला भाऊ गावी वारला. मी तेव्हा लेकीकडे परगावी होते. सुनंदाचं बीपी वाढेल म्हणून माझ्या भावाने, विलासने, तिला सांगितलंच नाही. तिने राखी पाकिटात भरली, आणि विलासने ती कुरिअरला नेऊन दिलीसुद्धा... तिने नारळीभात केला, घरातल्या सगळ्यांनी खाल्ला.

गणपतीत गावाहून चुलत बहिणीचा फोन आला, "फार वाईट झालं गं." तेव्हा तिला कळलं.

ती रडली नाही, भांडलीही नाही. नुसती गप्प झाली. वेणीफणी नाही, जेवण नावाला, पहाटेपासून टक्क जागी... बीपी चढलं, डॉक्टरांनी गोळी वाढवली. विलास मला म्हणाला, "बघ ताई, म्हणूनच सांगत नव्हतो." मग पहारा आणखी कडक. बातम्या बंद, लग्नकार्य बंद, फोन आधी विलास घेणार.

दिवाळीनंतर तपासणीला मीही सोबत गेले. दवाखान्यात नवी डॉक्टर होती, तरुण मुलगी. तिने विचारलं, "काकू, गोळ्या रोज घेता ना?"

"मी स्वतः देतो," विलास म्हणाला.

"मी काकूंना विचारतेय."

सुनंदा जमिनीकडे बघत म्हणाली, "तोंडात घेते. हे वळले की थुंकते."

"का हो?"

"बरी होऊन काय करू?"



डॉक्टरने मग आम्हाला नीट समजावलं. मन असं खचलं की माणूस झोप, जेवण, औषध सगळंच सोडतो, आणि बीपी चढत जातं. नुसती गोळी वाढवून भागत नाही, मनाचाही इलाज लागतो. तिने जवळच्याच एका मानसोपचार तज्ज्ञांचं नाव लिहून दिलं.

"म्हणजे ती काय वेडी आहे का?" विलास भडकला.

"वेडेपणा तू केलास. आता रिक्षा बोलाव," मी म्हटलं. तो बाकावर बसला आणि तोंड झाकून रडायला लागला. वाईट माणूस नाही तो... घाबरट आहे.

दोन्ही औषधं चालू आहेत. सुनंदा बरी झाली असं मी लिहिणार नाही, अजून बरेच दिवस ती भिंतीकडे तोंड करून झोपते. पण गोळी गिळते. त्या मुलीने प्रश्न सुनंदाला विचारला, विलासला नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

रविवारी विलासने ऑफिसच्या कपाटातून आणून सुनंदाच्या हातात दिलं ते असं: भावाचे हॉस्पिटलचे कागद. बाराव्याचे फोटो. आणि भावाने तिच्यासाठी उन्हाळ्यातच बाजूला काढून ठेवलेली, वहिनीने मागाहून पाठवलेली आमसुलांची पिशवी. तिने तिथेच एक तोंडात टाकलं. मीठ होतं भरपूर, बीपीला नको तेच... मी अडवलं नाही.