आतोबांची दाढ

बिघडलेली कुठलीही गोष्ट थोडा वेळ दिला की आपोआप दुरुस्त होते, यावर माझ्या आतोबांइतका गाढ विश्वास असलेला माणूस सबंध बोरिवलीत सापडायचा नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मूळचे मालवणकडचे, विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. घरातला नळ गळायला लागला की ते खाली बादली ठेवत आणि नळाला सवड देत. पंखा कुरकुरला की म्हणत, "त्याचं त्याला कळेल." एकदा सोसायटीची लिफ्ट बंद पडली, तेव्हा त्यांनी सेक्रेटरीला दिवसभर थांबायला सांगितलं, आणि संध्याकाळी लिफ्ट खरंच सुरू झाली. दुपारी ते झोपलेले असताना मेकॅनिक येऊन गेला होता, हे त्यांना कोणीच सांगितलं नाही.

अशा माणसाला सून मिळाली ती दातांची डॉक्टर. तिला एकदा त्यांच्या पुढच्या दातावर पांढरा डाग दिसला. तिने गोड कमी करायला लावलं, फ्लोराइडची पेस्ट दिली, आणि काही महिन्यांनी दात पुन्हा टणक झाला. आतोबांनी बागेतल्या सगळ्या बाकांवर बसून सांगितलं, की दात स्वतःच बरा झाला. त्यामुळे गावाहून आलेला दगडासारखा कडक खडखडे लाडू चावताना दाढेचा टवका उडाला, तेव्हा ते मुळीच घाबरले नाहीत. लाळ दात दुरुस्त करते, एवढंच सुनेचं बोलणं त्यांच्या लक्षात होतं. लाळेच्या कामात अडथळा नको म्हणून त्यांनी बोलणंच बंद केलं. आत्याला सुरुवातीला बरं वाटलं. मग तिचा मला फोन आला, "अरे, येऊन जा जरा. हे गप्प बसलेले मला बघवत नाहीत."

मी गेलो तेव्हा ते गाल धरून बसले होते. समजूत काढून त्यांना सुनेच्या दवाखान्यात नेलं.

"बाबा, एनॅमलमध्ये जिवंत पेशीच नसतात," ती म्हणाली. "फुटलं की परत उगवत नाही."

"मग पुढचा दात कसा बरा झाला?"

"तो नुसता मऊ पडला होता. लाळेतल्या क्षारांनी आणि पेस्टने टणक झाला. ही फुटलीय."

"कितीही थांबलं तरी?"

"थांबलात तर दाढच जाईल."

आतोबा खुर्चीत मागे रेलले. मग त्यांनी तोंड उघडलं.

दाढ भरून आम्ही बाहेर आलो. मी घरी जायला रिक्षा थांबवली, तर ते आत बसून बधिर ओठांनी म्हणाले, "वाकोल्याला घे."

वाकोल्याला त्यांचे थोरले भाऊ राहतात. गावच्या घराला कुठला रंग द्यायचा यावरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं, त्याला कैक वर्षं लोटली होती. आतोबांनी त्या भांडणालाही वेळ दिला होता.

दार वहिनींनी उघडलं. दादा खिडकीशी बसले होते. आतोबा त्यांच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "दादा, चुकलं माझं." जीभ जड असल्यामुळे शब्द बोबडे आले.

दादांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग सरकून जागा करून दिली. "बसा ना. आपण कुठून आलात?"

वहिनी हळूच म्हणाल्या, "हल्ली असंच होतं, भावजी. तुम्हाला कळवायचं होतं, पण धीर झाला नाही."

आतोबा बसले. "बोरिवलीहून आलो," ते म्हणाले.

"लांबून आलात. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

आता आतोबा दर रविवारी वाकोल्याला जातात. मीही कधी कधी बरोबर असतो. ते गावच्या विहिरीच्या, बैलांच्या, शाळेतल्या माराच्या गोष्टी सांगतात. दादा मन लावून ऐकतात, मध्येच एखाद्या बैलाचं नाव अचूक सांगतात. लहानपणापासून ज्या धाकट्या भावाला अरे-तुरे केलं, त्याला ते अहो-जाहो करतात. निघताना दारापर्यंत येतात आणि हात जोडून म्हणतात, "पुन्हा या हं. तुम्ही आलात की बरं वाटतं."

"येतो," आतोबा म्हणतात, आणि दार लागल्यावर थोडा वेळ जिन्यातच उभे राहतात.