ऐंशी जीबीची जागा

कपाट आवरताना जुनी हार्ड डिस्क हाती आली. कॉम्प्युटर भंगारात गेला तेव्हा बाबांनी ती काढून घरच्या कापसात गुंडाळून ठेवली होती. सरकीचा तेलकट वास आला आणि मी आदिलाबादच्या त्या दुकानात बाबांशेजारी जाऊन उभी राहिले.

बारावी झाली होती. माझ्यासाठी जुना कॉम्प्युटर घ्यायला आम्ही भीमपूरहून आलो होतो. दुकानदार म्हणाला, "चालीस जीबी बहुत है. बच्ची घर में बैठ के क्या भरेगी?" ऐंशीची डिस्क महाग होती.

बाबांनी मला विचारलं, "काय भरशीन वं त्याच्यात?"

"माहीत नाही," मी पुटपुटले.

"मंग मोठीच पायजे," बाबा म्हणाले. "कापूस घरी यायच्या आधी आपन खोली रिकामी करतोच ना? किती येईन हे कोनाले ठाऊक असते?" आणि दुकानदाराकडे वळून म्हणाले, "सेठ, बडीवाली लगाव."

आता लेक डिस्क हातात घेऊन हसते. "आई, ऐंशीच? माझ्या फोनमध्ये याहून जास्त जागा आहे!"

असेल. पण मला तोवर एवढी जागा कोणी दिली नव्हती. कॉलेजचा सगळा अभ्यास, फोटो, गाणी घालूनही ती अर्धीसुद्धा भरली नाही. आणि किती भरली, हे बाबांनी कधी विचारलं नाही.