नुसती चव बघायला

ताकाचा पेला गोल फिरवून त्याचा वास घेणारी आमच्या घराण्यातली मी पहिली बाई. दुसरी कोण, ते शेवटी सांगते.

याचं मूळ नाशिककडे आहे. आमच्या प्राजक्ताचं लग्न ठरलं ते तिकडच्या द्राक्षबागायतदारांकडे. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी व्याह्यांनी आम्हा दोघांना गाडीत घातलं आणि वायनऱ्या दाखवत फिरवलं. बरोबर गाईड नाही, कसली घाई नाही. इथे थांबा, चीजचा तुकडा खा; तिथे थांबा, घोटभर वाइन चाखा. पेला कसा फिरवायचा, नाक आत कसं घालायचं, घोट तोंडात घोळवून शेजारच्या भांड्यात कसा थुंकायचा, हे सगळं व्याह्यांनी शिकवलं. (आमच्या ह्यांनी थुंकायचा भाग सोडून सगळं आत्मसात केलं. परतीच्या वाटेवर ते मागच्या सीटवर अभंग म्हणत होते.)

निघताना मी बोलून गेले, "आमच्या भोर-वेल्ह्यातही अशी सहल होते बरं का." अशी सहल आजवर कुणाच्या बापाने केलेली नव्हती. पण विहीणबाई लगेच म्हणाल्या, "मग संक्रांत झाली की येतोच."

मलाही ते हवंच होतं, कारण वेल्ह्यापलीकडच्या पासलीची माझी आत्या रुसली होती. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, आणि साखरपुड्याला नेमकी तीच नव्हती. सगळं घाईत ठरलं. पासलीत मोबाईलला रेंज येते टेकडीवर, आणि आत्याचे गुडघे टेकडी चढू देत नाहीत. निरोप पोचला नाही. फोटो मात्र पोचले, तेही शेजारणीच्या मोबाईलवर. "सुमीच्या पोरीच्या लग्नाला म्या येत न्हाई," असं तिने गावभर सांगून टाकलं. आत्याशिवाय प्राजक्ताच्या डोक्यावर अक्षता पडायच्या, हे मला सहनच होणार नव्हतं. तेव्हा सहल पासलीला संपवायची, व्याही-विहिणींना आत्याच्या पाया पडायला लावायचं आणि रुसवा काढायचा, असा माझा बेत.

भोंगवलीला नणंदेकडे हुरडा, शिवऱ्याला ह्यांच्या मित्राच्या, सलीमभाईंच्या हॉटेलात मसाला चहा आणि पासलीला आत्याचं ताक, एवढंच ठरवलं. तिन्हीकडे, पासलीला शेजारणीच्या मोबाईलवर, एकच निरोप धाडला: "नुसती चव बघायला येतोय. जेवायचं काही करू नका."

इथेच घात झाला. आमच्याकडे हे वाक्य पाहुण्याने म्हणायचंच असतं. न म्हणणारा पाहुणा हावरा. आणि ते ऐकून खरोखरच काही न करणारा यजमान चिक्कू. सगळा जन्म भोरात काढून मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण नाशिकचं वारं डोक्यात शिरलं होतं.

भोंगवलीला शेतात हुरडा झाला, दही-चटणी झाली, आम्ही हात झटकून उठलो. तर वन्सं म्हणाल्या, "आता घरला चला. पानं वाढल्यात."

"वन्सं, मी म्हटलं होतं ना, काही करू नका म्हणून?"

"म्हणली व्हतीस की. म्हणून तर सकाळधरनं पुरण वाटलं. व्याही पहिल्यांदा आल्यात, हुरड्यावर लावून दिऊ व्हय?"

पुरणपोळ्या, कटाची आमटी, भजी. दुसऱ्या पोळीला व्याह्यांनी ताटावर आडवा हात धरला. वन्संनी तूप हातावर वाढलं.

शिवऱ्याला पोचेपर्यंत व्याह्यांनी पट्टा एक भोक सैल केला होता. सलीमभाई हॉटेलच्या दारातच उभे होते. ते आम्हाला बाकड्यांवर बसू न देता थेट मागच्या घरात घेऊन गेले. तिथे चादर अंथरलेली होती आणि पातेल्याच्या झाकणाखालून बिर्याणीचा वास येत होता.

"भाई, चहा ठरला होता," हे म्हणाले.

"चहा हायच की. पण आधी जेवा. उपाशीपोटी चहा पाजून व्याह्यांना पित्त करायचंय का?"

"उपाशी नाही हो, भोंगवलीला..."

"ते भोंगवलीचं झालं. हितलं कुठं झालंय?"

विहीणबाई माझ्या कानाशी आल्या. "ताई, तुम्ही घोटभर म्हणाला होता."

"हे आमच्याकडचं घोटभर," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

वेल्ह्याच्या पुढे घाट लागला. वळण आलं की चौघेही एका सुरात कण्हत होतो. शेवटी विहीणबाईंनी विचारलं, "आत्यांकडे फक्त ताक ना?"

"फक्त ताक," मी छातीठोकपणे सांगितलं.

आत्या ओट्यावर बसली होती. आम्ही सगळे पाया पडलो. तिने माझ्याकडे न बघता विहीणबाईंना सांगितलं, "काई केलं न्हाई बाई. निरोपच तसा व्हता सुमीचा. नुसतं ताक हाय."

आणि मागच्या चुलीवरून रश्श्याचा वास आला. दरवेळी माझ्या पायांवर धावून येणारा कोंबडा अंगणात दिसत नव्हता. मी काय ते समजले. तो कोंबडा पोटात गेला नाही तर आत्या लग्नाला येत नाही, हे उघड होतं. आणि पोटात तर जिरं ठेवायला जागा नव्हती. आत्याने ताकाचा मोठा पेला माझ्या हातात दिला आणि ती आत गेली. हे ताक प्यायले तर कोंबडा कुठे घालू? अशा वेळी मला नाशिकचं शिक्षण आठवलं. पेला फिरवला. नाक आत घातलं. घोट तोंडात घोळवला आणि अंगणातल्या पपईच्या बुडाशी जाऊन थुंकले.

वळते तर मागे आत्या, हातात ताकाचा तांब्या.

"नासलंय?"

"नाही गं आत्या."

"मग थुकलीस का? साखरपुड्याला इसरलीस, आता माझं ताक थुकतीस?"

मला रडू यायचंच बाकी होतं. तेवढ्यात व्याही पुढे झाले. "आत्याबाई, ती आमच्याकडची रीत आहे. मीच शिकवली. चव बघायची, पण गिळायचं नाही. नाहीतर चढते."

"माझं ताक चढतं व्हय?"

"तसं नाही... म्हणजे पोटात जागा राहावी म्हणून."

"जागा कशानं भरली?"

व्याही सरळ मनाचे. त्यांनी पुरणपोळी सांगितली, बिर्याणीही सांगितली. आत्या तांब्या खाली ठेवून बसली.

"म्हंजे म्या शेवटची," ती हळूच म्हणाली.

चांगलं ते शेवटी म्हणून पासली ठेवली होती गं, असं सांगायला मी पुढे झाले, तर तिने तोंड फिरवलं.

तेव्हा दिवसभर जेमतेम बोललेल्या विहीणबाई उठल्या आणि चुलीपाशी जाऊन बसल्या. "आत्या, मला भात वाढा. नवा तांदूळ आहे ना? अंगणात आल्यापासून वास येतोय." त्यांनी ताट नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि शांतपणे जेवू लागल्या. थुंकल्या नाहीत. वर रस्सा मागून घेतला. कुठे घातलं ते त्यांनाच ठाऊक. संध्याकाळी त्या गाडीत आडव्या होऊन गेल्या. पण आत्या त्यांच्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. आम्हा बाकीच्यांना तिने डबे भरून दिले आणि विहीणबाईंच्या हातात तांदळाची पिशवी ठेवून म्हणाली, "तुमच्यासाठी येते लग्नाला. सुमीसाठी न्हाई."

आली, आणि चांगली आठवडाभर आधी आली. लग्नाच्या आदल्या दिवशी व्याही-विहीण, नणंद, सलीमभाई, सगळे आमच्याकडे जेवायला होते. मी आत्यापुढे आमटीची वाटी ठेवली. तिने ती उचलून गोल फिरवली. नाक आत घातलं. घोट तोंडात घोळवला, उठून मोरीत जाऊन आली आणि पदराला तोंड पुसत व्याह्यांना म्हणाली, "लई चांगली रीत हाय तुमची. इतकी वर्सं सुमीच्या हातचं म्या उगंच गिळत व्हते."