ठेक्यातली मोकळी जागा

"ए किसन्या, बास कर तुझं टपटप. हे ऐक."

तात्यांनी मोबाईल आण्णांच्या कानाला लावला. तात्या म्हणजे सरपंचाचे भाऊ. आण्णा म्हणजे माझे वडील. आण्णा रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून हलगी शेकत होते. पुढ्यात उसाच्या पाचटाचा जाळ. गारठ्यानं चामडं सैल पडलं की हलगी बोलत नाही. शेकली की खणखणते. लग्नाचा परण्या, म्हणजे नवरदेवाची वरात, मारुतीच्या देवळाकडे निघालेला. नवरदेव घोड्यावर खोळंबलेला. आणि आण्णांचे दोन्ही हात हलगीत, एक कान तात्यांच्या मोबाईलला.

"ह्याला म्हणत्यात हलगी. शीक जरा. जलम गेला तुझा वाजवण्यात, अन् काय वाजिवतूस?"

नवरदेवाचे मित्र हसले. तात्यांनी बुटानं जाळावर माती लोटली. जाळ विझला.

मी तिथंच उभी होते, पाचटाचा भारा घेऊन. धाराशिवच्या कॉलेजातून सुट्टीला आले होते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. चुलते आजारी, म्हणून भारा माझ्या डोक्यावर आला. मोबाईलमधली हलगी मी पहिल्या ठोक्यालाच ओळखली. ती मीच वाजवली होती.

आण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग हळू म्हणाले, "हात चांगला हाय, मालक. पण डावा हात भितोय ह्याचा."

"घ्या! आता ह्यो त्याला शिकवणार! आरं, सगळा मुलूख ऐकतोय त्याला. तुला गल्ली तरी ऐकती का?"

मला चारचौघांत बोलता येत नाही. वर्गात हजेरीला मी इतकी हळू ओ देते की सरांना माझं नाव दोनदा घ्यावं लागतं. त्या दिवशी तोंडात शब्द होता, पण तो दातांपर्यंतसुद्धा आला नाही.

आमच्या घरी हलगी खुंटीवर असते. बायकांनी ती वाजवायची नसते. आई म्हणते, "आपण पुसायची तेवढी." मी लहानपणापासून आण्णांचे हात बघत आले आणि ताटावर, पाटीवर, मांडीवर बोटांनी वाजवत आले. हातात मोबाईल आला तेव्हा वाटलं, एकदा ऐकून तर बघू आपण कसं वाजवतो ते. दुपारी आमची मातंग वस्ती मोकळी असते, सगळे रानात. मी दार लावून घ्यायचे. चुलीवर हलगी शेकायचे. घर पत्र्याचं, हलगीपेक्षा पत्राच जास्त वाजायचा. म्हणून दोरीवर घरातल्या सगळ्या गोधड्या टाकल्या आणि त्यांच्या आत बसले. मोबाईल जमिनीवर ठेवला तर आवाज फाटायचा. मग तो ज्वारीच्या पोत्यात अर्धा खोचला. तेव्हा कुठं जमलं.

आमच्यात एक रीत आहे. ठेका चढत चढत जातो आणि एका जागी हलगी श्वास घेते. त्या जागेत वाजवणाऱ्यानं ज्याच्या दारात उभा असेल त्याचं नाव पुकारायचं. "तात्यासायबांच्या नावानं चांगभलं!" मग हलगी पुन्हा सुटते. आण्णांनी जन्मभर लोकांची नावं पुकारली. गोधड्यांच्या आत मी त्या जागेवर आले तेव्हा मला कळेना, कुणाचं नाव घ्यावं. मी कुणाच्याच दारात नव्हते. म्हणून गप्प राहिले. ती जागा मोकळी राहिली.

ते मी इंटरनेटवर टाकलं. नाव नाही, चेहरा नाही. नुसता जाळाचा फोटो. आडनाव लिहिलं की गावाची कुठली बाजू तेही कळतं, हे मला शाळेपासून माहीत होतं.

बरेच दिवस कुणी ऐकलं नाही. मग एका पैलवान पोरानं आपल्या तालमीच्या व्हिडिओला ते लावलं आणि ते पसरत गेलं. ट्रॅक्टरच्या व्हिडिओला, बैलांच्या, वाढदिवसांच्या. लोकांना ती मोकळी जागाच आवडली. तिथं सगळे थांबायचे आणि हलगी सुटली की उडी मारायचे. "भाऊ, अंगावर काटा आला," असं लिहायचे. भाऊ असण्यात मला सुरक्षित वाटायचं.

हॉस्टेलवर माझ्या खोलीतल्या मुली त्यावर नाचल्या. एकीनं विचारलं, "कोण असेल गं हा?" दुसरी म्हणाली, "असेल त्यांच्यातला कुणीतरी. त्यांच्या रक्तातच असतं ते." मी चादरीची घडी घालत होते. घडी चुकली. परत घातली.

लग्नाहून परतताना आण्णा ओढ्याजवळ थांबले.

"तूच न्हवं ती?"

मी मान डोलावली.

"मला माझाच हात ऐकू आला," ते म्हणाले. चेहऱ्यावर हसू नव्हतं. "कळू दिऊ नगंस, बाय. कळलं की वाजव म्हनत्याल. मग तू बी त्येंच्याच दारात."

पण कळलंच. दुपारी दाराआडून ऐकलेल्या चुलत भावाच्या तोंडून वस्तीत, वस्तीतून गावात. तोवर देवळाच्या भोंग्यावर रोज आरतीच्या आधी तीच हलगी लागायला लागली होती. जत्रा तोंडावर आली तसे तात्या आमच्या अंगणात आले. त्यांना मी वस्तीत पहिल्यांदाच बघितलं. आईनं तांब्या पुढं केला. "आत्ताच पिऊन आलो," ते म्हणाले. ओट्यावर बसले नाहीत.

"पोरीनं गावाचं नाव काढलं, किसन्या. जत्रंत सत्कार ठिवलाय. पालखीचा छबिना देवळापशी आला की हिनं वाजवायचं. निंबाखाली, तुमच्या नेहमीच्या जागंला. तिथंच शाल घालू."

निंब देवळाच्या पायऱ्यांच्या खाली आहे. माझ्या आज्याची जागा तीच, आण्णांचीही तीच. पालखी वर जाते. हलगी खाली थांबते.

मी विचारलं. आवाज कसा निघाला माहीत नाही. "वर का न्हाई?"

"हलगी वर चालत न्हाय, बाय. चामडं हाय. रीत हाय ती."

"भोंग्यावर रोज वाजती की."

तात्या हसले. समजावतात तसे म्हणाले, "त्यो आवाज हाय. आवाजाला कसला इटाळ?"

त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हणूनच मला तो शब्द आत कुठंतरी लागला. आवाज कळसापर्यंत जातो. ज्या हातांनी तो काढला ते हात निंबाखाली. म्हणजे मला तेवढं वगळलं की माझं सगळं चालतं.

"मी येणार न्हाई, तात्या," मी म्हणाले. "अन् ती हलगी भोंग्यावर लावू नका."

"किसन्या, समजव हिला. तुला ह्याच गावात ऱ्हायाचंय."

घरावर काय येणार हे आण्णांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी म्हणाले, "तिनं सांगितलं की, तात्या."

मालक म्हणाले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा.

जत्रेत भोंग्यावर तीच हलगी लागली. निंबाखाली कुणी नव्हतं. मी एकटीच गेले आणि देवळाच्या पहिल्या पायरीवर जाऊन उभी राहिले. ठेका चढत गेला. माणसं हात वर करून मोकळ्या जागेची वाट बघत होती. ती जागा आली.

मी पुकारलं. माझं नाव. आण्णांचं नाव, किसन्या नाही, किसन. आमचं आडनाव. आमची वस्ती.

हलगी पुन्हा सुटली. पण कुणी उडी मारली नाही.

तात्यांनी दंडाला धरून मला खाली ओढलं. धरताना त्यांना विटाळ आठवला नाही. दंडावर बोटं उमटली होती.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि तोही पसरला. भाऊ म्हणणारे आता वेगळं लिहायला लागले. "शेवटी जातीवर गेलीच." "हलगी वाजव, भाषण नको." माझ्या रंगावर लिहिलं, दातांवर लिहिलं. मी सगळं वाचलं. आण्णांना लग्नाची बोलावणी बंद झाली. आईला खुरपायला कुणी हाक मारत नाही. आण्णा सोलापूरच्या रस्त्याला वीटभट्टीवर जातात. विटांनी बोटं फाटलीत, हलगीची बारीक काडी त्यांच्या हातात आता नीट बसत नाही. हॉस्टेलवरची एक मुलगी माझ्याच ताटात जेवायची. ती आता डबा घेऊन दुसऱ्या खोलीत जाते.

याचा शेवट चांगला झाला असं मला लिहिता येणार नाही. झालेला नाही.

सुट्टीला घरी आले की मी वाजवते. गोधड्या दोरीवरून काढून टाकल्या. दार उघडं असतं. पत्रा वाजतो, वाजू दे. आण्णा भट्टीवरून आल्यावर ऐकतात आणि म्हणतात, "डावा हात अजून भितोय." खरं आहे. भिणाऱ्या हातानंच वाजवते.

जुनी हलगी लोकांच्या मोबाईलमध्ये गेली, ती मला परत घेता येत नाही. नवीन रेकॉर्ड करून टाकायची ती माझ्या हातात आहे. सुरुवातीला नाव घातलं तर लोकांनी ते कापलं. शेवटी घातलं, तेही कापलं. म्हणून आता ते मी त्या मोकळ्या जागेत पुकारते. माझं आणि आण्णांचं, आडनावासकट. तिथून कापलं की ठेका मोडतो.

हलगी पाहिजे असेल तर नावासकट लावा. नाहीतर भोंगा मुका राहू द्या.