चौघींच्या रांगेतली पाचवी

बाईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. माझ्या बहुतेक ओळखी तशाच होतात, त्यामुळे त्यात विशेष काही नाही.

आमच्या संघटनेने वस्तीतल्या मुलींसाठी कराटेचा वर्ग काढला होता. वर्षभरात सगळ्यांच्या कमरेला तपकिरी बेल्ट दिसेल, असं मी भर सभेत छातीठोक सांगून बसले होते. पण बेल्टची परीक्षा घ्यायचा अधिकार शहरातल्या सगळ्या क्लबांनी मिळून एकट्या बाईंना दिलेला. त्यांनी आमच्या पहिल्या आठजणींपैकी सातजणी नापास केल्या. मी तडक त्यांच्या कामावर जाऊन थडकले.

बाई दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायच्या. साठीच्या, काटकुळ्या, मनगटावर वाफेचे जुने चट्टे. गरिबाच्या पोरींनी वर यायचंच नाही का वगैरे मी जे सुरू केलं ते त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, समोरासमोर घडी घातली आणि म्हणाल्या, रविवारी दुपारी ये, बघ, मग ओरड.

हॉल टायरच्या गोदामावर होता. लाकडी जमीन, रबराचा उग्र वास, खिडक्यांतून पडलेले उन्हाचे चौकोन. चार-चार मुलींची रांग. वीस पावलांचा ठरलेला क्रम, चौघींनी एकदम करायचा. आणि परीक्षक बाई मुलींकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभ्या. कोण रडकुंडीला आलीय, कुणाची आई कोपऱ्यात हात जोडून बसलीय, काही बघायचं नाही. नुसतं पाऊल ऐकायचं.

“दुसरी, टाच उचलली गेली. तिसरी, चौदाव्याला वजन मागे राहिलं.”

मी समोरून डोळ्यांत तेल घालून बघत होते. एक चूक त्यांनी सोडली नाही, एक उगाच काढली नाही. मला भांडायला फट सापडेना.

मग त्या म्हणाल्या, “पाचवी, उजवा पाय. उशीर.”

रांगेत चौघीच होत्या. मी मोजल्या. परत मोजल्या. कुणी हसलं नाही. मुली पायांकडे बघत राहिल्या. बाईंच्या वहीत दर रांगेला पाच रकाने होते आणि पाचव्यात पानोपानी तेच: उजवा पाय, उशीर, नापास.

कुलूप लावताना त्यांनी मला सांगितलं. बारा वर्षांपूर्वी त्या चारचौघांसारख्या समोर बसून परीक्षा घ्यायच्या. एका मुलीचा उजवा पाय सोळाव्या पावलाला दरवेळी मागे पडायचा. दोनदा नापास केली. तिसऱ्यांदा तिचा चेहरा बघून बाईंना दया आली. दोन महिन्यांनी तिला जिन्यात दोघांनी गाठलं. खाली पळायला वाट होती. ती पळाली नाही, बेल्टवर भरवसा ठेवून उभी राहिली, आणि जिवानिशी गेली.

“तेव्हापासून पाठ फिरवली,” बाई म्हणाल्या. “आणि तेव्हापासून ती येते. एकदा पास केली तेवढं पुष्कळ झालं.”

मी भुताखेतांच्या विरोधात चौकाचौकात भाषणं ठोकलेली बाई. तरी त्या दिवशी जिना उतरताना कठडा धरला.

पुढच्या वर्षी माझी भाची परीक्षेला उभी राहिली. तिला परगावी नोकरी लागली होती आणि माझ्या भावाने अट घातली होती: बेल्ट मिळाला तरच एकटी राहायला सोडेन. पोरगी वर्षभर राबली. रांगेत तिची जागा शेवटची, चौथी.

सोळाव्या पावलाला तिचा उजवा पाय मागे पडला. जेमतेम अर्धा क्षण, पण मी बघितला.

“पाचवी, उजवा पाय. उशीर,” भिंतीकडून आवाज आला. “चौघी पास.”

भाचीने माझ्याकडे बघितलं. तिलाही कळलं होतं. म्हणजे इतकी वर्षं उजव्या पायाचा प्रत्येक उशीर त्या गेलेल्या मुलीच्या माथी जात होता, आणि ज्यांचा तो खरा होता त्या बेल्ट बांधून घरी जात होत्या. मंत्र्यापुढे गप्प न बसणारी मी, तिथे चांगली मिनिटभर गप्प बसले. ते मला अजून बोचतं. मग डोळ्यांपुढे तो जिना आला.

“बाई, ती पाचवी नव्हती. चौथी होती. माझी भाची.”

बाई वळल्या. त्यांचा चेहरा इस्त्री न केलेल्या चादरीसारखा झाला होता. त्यांनी भाचीला रांगेतून बाहेर काढलं, उरलेल्या तिघींना क्रम पुन्हा करायला सांगितला आणि भिंतीकडे तोंड केलं. मीही डोळे मिटले. भाची माझ्या शेजारी अनवाणी उभी, तिचा गार हात माझ्या हातात.

सोळाव्या पावलाला तिघींचे पाय एकदम पडले. त्यानंतर आणखी एक. फळी करकरली. भाचीची नखं माझ्या मनगटात रुतली.

“ऐकलंस?” बाईंनी न वळता विचारलं.

“ऐकलं.”

बाईंनी एवढ्या वर्षांत पास केलेल्या सगळ्यांना निरोप धाडले. कुणी तणतणत आल्या, कुणी कडेवर पोर घेऊन. सहाजणींचा उजवा पाय उशिरा पडत होता. त्यांना पुन्हा शिकायला बसवलं. दोघींचा पत्ता लागला नाही. बाई अजून शोधताहेत.

आता दर रविवारी बाई भिंतीकडे आणि मी समोर खुर्चीत. त्या म्हणाल्या, “पाचवी,” की मी चारही उजवे पाय बघते. कुणाचा चुकला तर नंबर सांगते. नाही तर पाचव्या रकान्यात लिहिते. भाचीला मी नापास करवलं म्हणून भावाशी माझं बोलणं सहा महिने बंद होतं.

भाची दुसऱ्यांदा उभी राहिली तेव्हा जागा तीच, शेवटची. सोळाव्याला तिचा पाय बरोबर पडला. मी बघितला. भिंतीकडून आवाज आला, पाचवी, उशीर. मी लिहिलं.

खाली रस्त्यावर आल्यावर भाची बेल्ट हातातच धरून चालत होती. कोपऱ्यावर थांबली.

“आत्या, पंधरावं झालं आणि शेजारून कुणीतरी हळूच म्हणालं, आत्ता.”

मी विचारलं, कुठल्या बाजूने? तिने उजवा हात वर केला. तिच्या उजवीकडे नुसती खिडकी होती.